न सापडलेल्या हवेची बातमी

(मराठी विज्ञानलेखकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)

घाट उतरून रात्रभर एस.टी.त अवघडून सिंधुदुर्गात पोचलेल्या लेखक-वाचक मित्रहो,

अध्यक्षांनी सगळ्या विषयांना स्पर्श करावा अशी आपल्याकडे रीत आहे. मराठी शाळा, परिभाषाकोश, अनुदान, विज्ञानकथेचं भवितव्य. हे सगळं उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठरावांच्या रूपाने येणारच आहे, आणि ठराव लिहिण्यात माझ्यापेक्षा तरबेज मंडळी समोर बसली आहेत. म्हणून संयोजकांकडून मी एकाच विषयावर बोलायची मुभा मागून घेतली. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवर हवा आहे का, असली तर कशाची, हे अंतराळातल्या दुर्बिणींमधून कसं कळतं, या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. त्याबद्दल बोलेन. आणि ते काम वर्तमानपत्राच्या पानावर पोचतं तेव्हा त्याचं काय होतं याबद्दलही, कारण तिथे या सभागृहातल्या लोकांचा हात लागतो.

सांगून सांगून थकले तरी एक गोष्ट पुन्हा सांगते. ज्या ग्रहांबद्दल आम्ही बोलतो त्यांतले बहुतेक आम्हाला दिसत नाहीत. बातमीसोबत छापलेला निळाजांभळा गोल, त्यावरचे ढग, मागचा लालबुंद सूर्य ही चित्रकाराची करामत असते. खाली बारीक अक्षरात 'कल्पनाचित्र' असं लिहिलेलंही असतं, पण पानावर जागा कमी पडली की सर्वांत आधी तीच ओळ कापली जाते.

मग आम्ही पाहतो काय? ८ जून २००४ रोजी शुक्राचं अधिक्रमण झालं. पावसाळ्याच्या तोंडावर ज्यांच्या गावी आभाळ मोकळं मिळालं, त्यांनी काळ्या चष्म्यातून सूर्यबिंबावर सरकणारा तो ठिपका पाहिला असेल. त्या ठिपक्याने सूर्याचा हजारातला एक भाग प्रकाश अडवला होता. अंगणातल्या उन्हात कुणाला काही फरक जाणवला नाही. आता तोच सूर्य इतका लांब आहे असं समजा की त्याचं बिंब उरत नाही, उरतो फक्त प्रकाशाचा एक बिंदू. ठिपका दिसायचा प्रश्नच नाही. पण प्रकाश सतत मोजत राहिलात तर काही तासांपुरती एक घट लागते, आणि ठरावीक दिवसांनी ती पुन्हा पुन्हा लागते. आमचा सगळा संसार या घटीवर चालतो.

ग्रहाला हवा असेल तर त्या घटीत आणखी एक बारकावा येतो. ग्रहाच्या कडेने, हवेच्या पातळ कंकणातून ताऱ्याचा थोडा प्रकाश गाळून येतो. त्या हवेतला वायू काही ठरावीक रंगांचा प्रकाश शोषतो. त्या रंगांत ग्रह जरासा मोठा भासतो आणि घट जराशी खोल जाते. म्हणून घट एकदाच न मोजता शेकडो रंगांत वेगवेगळी मोजायची, आणि कोणत्या रंगात ती किती खोल गेली याचा आलेख काढायचा. ग्रहाच्या हवेविषयी आपण जे वाचता ते बहुतांशी या आलेखातल्या उंचवट्यांवरून काढलेलं असतं.

हे किती नाजूक आहे ते आकड्यांतच सांगावं लागेल. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश एक टक्क्याने घटतो. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना परक्या कुणी पाहिली, तर त्याला दहा लाखांत ८४ भागांची घट मिळेल. त्यात आपल्या हवेचा वाटा दहा लाखांत एका भागाच्या आसपास. जमिनीवरच्या दुर्बिणींना यात एक मोठी अडचण येते: जी वाफ, जो कार्बन डायऑक्साइड, जो मिथेन आम्हाला तिकडे शोधायचा आहे, तोच आमच्या डोक्यावरच्या हवेतही भरलेला आहे आणि नेमके तेच रंग गिळून टाकतो. जमिनीवरूनही उत्तम काम होतं, त्याचा एक दाखला पुढे देणारच आहे. पण अवरक्त प्रकाशातली मोठी खिडकी हवेबाहेर गेल्याशिवाय उघडत नाही.

ग्रहांच्या नावांबद्दल थोडं विषयांतर. डब्ल्यूएएसपी-३९ बी, एचडी २०९४५८ बी ही नावं मोटारीच्या नंबरप्लेटसारखी वाटतात अशी तक्रार मराठी संपादक नेहमी करतात, आणि ती रास्त आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह यांना नाव द्यायची संधी दिली. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचं नाव 'बिभा' ठेवलं गेलं. ते विश्वकिरणांवर काम करणाऱ्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाला मिळालं 'संतमस', म्हणजे झाकोळलेला. हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलं होतं. गंमत अशी की तो ग्रह सापडला ताऱ्याच्या डगमगण्यावरून. नाव ठेवलं तेव्हा त्याचे ढग कुणी पाहिलेले नव्हते. तरी मला हे नाव आवडतं. मुलाला आमच्या धंद्यातली मुख्य अडचण बरोबर कळली होती: परग्रहांच्या हवेत ढग फार.

आता थोडा इतिहास, तोही माझ्या मुद्द्यापुरताच. मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये जाहीर केला. हबल दुर्बीण त्याआधी पाच वर्षं, १९९० मध्येच वर गेली होती. म्हणजे परग्रहांची हवा तपासायची कल्पना तिच्या आराखड्यात असणं शक्यच नव्हतं. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना पहिल्यांदा टिपला गेला. लगोलग सारा सीगर आणि दिमितार सासेलॉव यांनी गणित मांडलं की अशा तप्त वायुग्रहाच्या हवेत सोडियमची खूण उमटायला हवी. डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी हबल त्या ताऱ्याकडे वळवली आणि २००२ मध्ये सोडियम सापडल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. परग्रहाच्या हवेतला हा पहिला ओळखलेला घटक. पाठ्यपुस्तकांत गेला, व्याख्यानांत गेला.

पुढे २०२०-२१ मध्ये नुरिया कासासायास-बारिस आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या अतिशय बारकाईने रंग वेगळे करणाऱ्या उपकरणांनी तोच ग्रह पुन्हा तपासला. त्यांना ग्रहाचा सोडियम मिळाला नाही. तारा स्वतःभोवती फिरतो, त्याच्या बिंबाच्या कडेचा प्रकाश मध्यापेक्षा वेगळा असतो, आणि ग्रह त्याचे वेगवेगळे भाग झाकत पुढे जातो. एवढ्याने सोडियमच्या रेषेत तसा आभास तयार होतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे या क्षेत्राचा पहिलावहिला शोध वीस वर्षांनी वादात सापडला. त्यामुळे कुणाची अब्रू गेली नाही. शार्बोनो यांचं मोजमाप त्या काळच्या मानाने अव्वल होतं, आणि त्यांनी घालून दिलेल्या पद्धतीनेच आज सगळे काम करतात. ही हकीगत मराठीत मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाही. सोडियम सापडल्याचं तेवढं आलं होतं.

उपकरणांच्या खोड्या हा आमच्या कामाचा अर्धा भाग आहे, आणि बातमीत तो कधीच येत नाही. स्पिट्झर ही अवरक्त दुर्बीण २००३ मध्ये गेली. तिच्या बॅटरीला ऊब देणारा एक हीटर साधारण तासातासाने चालू-बंद व्हायचा. त्या उबेने यानाचा सांगाडा किंचित वाकायचा, दुर्बीण किंचित डोलायची, आणि ताऱ्याचा ठिपका पिक्सेलच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर सरकायचा. पिक्सेल सगळीकडे सारखा संवेदनशील नसतो. परिणाम असा की ज्याची घट मोजायची तो तारा तासातासाने उजळतो-मंदावतो आहे असं वाटायचं. २०१० मध्ये अभियंत्यांनी त्या हीटरचं चक्र अर्ध्या तासावर आणलं आणि डोलणं निम्म्याने कमी झालं. कोट्यवधी मैलांवरच्या यानातला एक हीटर लवकर चालू-बंद केल्यामुळे परग्रहांची मोजमापं सुधारली. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते, कारण असली गोष्ट कल्पनेतून सुचत नाही.

२५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातून वेब दुर्बीण निघाली. सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ तुकड्यांचा साडेसहा मीटरचा आरसा, पाच पदरी सूर्यपडदा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांबचं ठिकाण. हे सगळं आपण वाचलेलं आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. तिने केलेली एकच नोंद जवळून पाहू.

कन्या राशीत, सुमारे ७०० प्रकाशवर्षांवर डब्ल्यूएएसपी-३९ हा सूर्यासारखा तारा आहे. त्याचा ग्रह वजनाने शनीच्या जवळपास, आकाराने गुरूपेक्षाही मोठा. म्हणजे फुगलेला. ताऱ्याभोवती तो चार दिवसांत एक फेरी मारतो आणि त्याचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात आहे. तिथे कुणी राहत असेल अशी शंकासुद्धा नको. पण फुगलेल्या, तप्त हवेचं कंकण जाड असतं, म्हणून पद्धत तपासायला ग्रह उत्तम. जुलै २०२२ मध्ये वेबने सुमारे आठ तास या ताऱ्यावर नजर खिळवली. अधिक्रमण जेमतेम पावणेतीन तासांचं, बाकी वेळ आधीचा आणि नंतरचा, म्हणजे 'घट नसताना किती' हे कळण्यासाठी. घट दोन टक्क्यांहून थोडी जास्त भरली. मग ती रंगांगणिक सोडवली. ४.३ मायक्रॉनच्या आसपास, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या रंगात, घट जेमतेम दोन-दशांश टक्क्यांनी खोल गेली होती. तिथे कार्बन डायऑक्साइड शोषतो.

हा उंचवटा छापण्याआधी काय केलं ते महत्त्वाचं. एकाच नोंदीवर चार वेगवेगळ्या आज्ञावल्यांनी स्वतंत्रपणे काम झालं. चौघांच्या आलेखात तोच उंचवटा आला. त्याची खात्री सांख्यिकीच्या भाषेत २६ सिग्मा होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच आलेखात ४ मायक्रॉनच्या किंचित पुढे आणखी एक छोटा उंचवटा होता. अपेक्षित वायूंपैकी कुणाचाही नव्हता. निबंध लिहिणाऱ्यांनी तो लपवला नाही, आणि घाईने त्याला नावही दिलं नाही. याचा उलगडा झालेला नाही असं नमूद करून ठेवलं. काही महिन्यांतच शांग-मिन त्साई आणि सहकाऱ्यांनी तो सोडवला: सल्फर डायऑक्साइड. पण एवढ्या तप्त, हायड्रोजनने भरलेल्या हवेत सल्फर असायला हवा तो हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात. मग हा कुठून आला? ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने पाण्याचे रेणू फुटतात, त्या तुकड्यांनी हायड्रोजन सल्फाइडचे हायड्रोजन एकेक करून सुटतात, आणि मोकळ्या सल्फरला ऑक्सिजन चिकटत जातो. सूर्यप्रकाशाच्या जोरावर आपल्या हवेत ओझोन तयार होतो तो याच जातीच्या रसायनाने. दुसऱ्या ताऱ्याच्या उजेडात दुसऱ्या ग्रहाच्या हवेत चाललेली रासायनिक क्रिया पहिल्यांदाच अशी हाती लागली. माझ्या मते वेबच्या पहिल्या वर्षातला परग्रहांबाबतचा हा सर्वांत मोठा शोध. आपल्याकडे त्याला चार ओळी मिळाल्या. जीवसृष्टीचा उल्लेख नव्हता ना.

आणि आता, या जिल्ह्यात उभं राहून बोलायला जरा धीर लागेल असा विषय काढते. २०१८ मध्ये हबलच्या नोंदींमधून डब्ल्यूएएसपी-१०७ बी या ग्रहाच्या हवेतून हेलियम निसटत असल्याचं दिसलं. परग्रहावर ओळखलेला हा पहिला हेलियम. हेलियम म्हटलं की इथे विजयदुर्गाचं नाव निघणारच. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात नॉर्मन लॉकयर साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात.

१८६८च्या त्या ग्रहणाला लॉकयर हिंदुस्थानात नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखिंडीला होता. लॉकयरने इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवायच, ऑक्टोबर १८६८ मध्ये सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये ती पिवळी रेषा पाहिली आणि पुढे तिच्या मालकाला हेलियम हे नाव मिळालं. विजयदुर्गला लॉकयर आला होता, यात खोटं काही नाही. पण तो आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला, ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना मदतीला घेऊन. तोवर विल्यम रॅम्झीने १८९५ मध्ये पृथ्वीवरच्याच एका खनिजातून हेलियम मिळवून दाखवलाही होता.

यात विजयदुर्गचं काही कमी होत नाही. १८९८ची मोहीम स्वतःच्या बळावर मोठी होती. शिवाय त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं लावून बसले होते. हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती आणि तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर सगळी सामग्री कोडाईकनालला गेली. सूर्याच्या प्रभामंडलाचा वर्णपट या मातीत उभं राहून घेणारा हा माणूस आपल्या लेखनात किती वेळा येतो? साहेबाची चुकीची तारीख आपण दरवर्षी छापतो आणि नायगमवालांची बरोबर तारीख कुणी मागत नाही. जिथे आपण विज्ञानाच्या बातमीत 'पहिला' आणि 'सापडला' हे शब्द शोधत फिरतो, तिथे असंच होणार.

आता के२-१८ बी. गेल्या काही वर्षांत एकाही परग्रहावर इतका मजकूर छापून आला नसेल. सिंह राशीत, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या साडेआठपट वस्तुमानाचा आणि अडीचपटीहून थोड्या मोठ्या आकाराचा हा ग्रह एका लाल बटू ताऱ्याभोवती ३३ दिवसांत फिरतो. २०१९ मध्ये हबलच्या नोंदींवरून दोन गटांनी इथे पाण्याची वाफ असल्याचं सांगितलं. बातम्या झाल्या. २०२३ मध्ये वेबने पाहिलं तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड स्पष्ट मिळाले, पाणी नाही. हबलला जिथे पाणी दिसलं होतं त्या रंगात मिथेनही शोषतो. पाण्याची बातमी पहिल्या पानावर आली होती. पाणी नव्हे मिथेन, ही कुठल्या पानावर आली ते शोधा.

मग एप्रिल २०२५. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन, जे बनारसच्या आयआयटीत शिकलेले, त्यांच्या गटाने वेबच्या मध्य-अवरक्त उपकरणाने घेतलेल्या नोंदीत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या दुसऱ्या एका संयुगाच्या खुणा असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे हा वायू समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. इथून खाली किनाऱ्यावर गेलात तर खाऱ्या वाऱ्याला जो वास येतो, त्यात याचाही वाटा असतो. साहजिकच मथळे जीवसृष्टीचे झाले. आणि सोबत ९९.७ टक्के खात्री हा आकडा फिरला.

हा आकडा कशाचा होता? तीन सिग्माचा. त्याचा अर्थ एवढाच: तिथे हा वायू मुळीच नसता, तर निव्वळ मोजमापातल्या गोंधळामुळे इतका उंचवटा दिसायची शक्यता हजारात तीन. तिथे जीव असण्याची शक्यता ९९.७ टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. तो वायूच असण्याची शक्यता ९९.७ टक्के असाही होत नाही, कारण तुलना कुणाकुणाशी केली यावर सगळं अवलंबून आहे. आमच्या विद्येत पाच सिग्माखाली कुणी 'सापडला' म्हणत नाही, आणि मघाचा कार्बन डायऑक्साइड २६ सिग्माचा होता. मधुसूदन यांच्या गटानेही आणखी निरीक्षणं हवीत असं त्याच वेळी म्हटलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत इतर गटांनी तीच नोंद उघडून पुन्हा तपासली. कुणाला सपाट रेघ तितकीच जुळली. कुणी दाखवलं की तुलनेच्या यादीत इतर कार्बनी वायू घातले तर त्यांतलेही बरेच चपखल बसतात. त्याआधी रोझेटा यानाच्या नोंदींतून हा वायू ६७पी या धूमकेतूवरही मिळाला होता, आणि तिथे समुद्र नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड असल्याचा पुरावा आज नाही. उद्या मिळाला तर मी आनंदाने मत बदलेन, कारण मत बदलायला लावणारं मोजमाप हीच आमची कमाई असते.

मधुसूदन यांच्यावर चिखलफेक करणाऱ्यांत मी नाही, हेही स्पष्ट करते. त्यांनी नोंद, पद्धत आणि आकडा तिन्ही उघड केले, म्हणून तर इतरांना ते खोडता आले. अडचण पुढे होते. 'खुणा असाव्यात' हे शोधनिबंधातून प्रसिद्धीपत्रकात येताना 'सबळ खुणा' होतं, प्रसिद्धीपत्रकातून इंग्रजी मथळ्यात 'जीवसृष्टीचे संकेत', आणि आपल्या वृत्तवाहिनीच्या पट्टीवर 'एलियन सापडले?'. ते शेवटचं प्रश्नचिन्ह म्हणजे संपादकाची विवेकबुद्धी, असं समजून आपण सोडून देतो.

लाल बटू ताऱ्यांची एक आणखी अडचण आहे. या ताऱ्यांवर डाग असतात, आपल्या सूर्यापेक्षा मोठे आणि अधिक. डाग थंड असतो, त्याच्या प्रकाशात ताऱ्यावरच्याच पाण्याच्या वाफेच्या खुणा असू शकतात. होय, ताऱ्यावर पाणी. अधिक्रमणात ग्रह ताऱ्याचा स्वच्छ भाग झाकून गेला, तर उरलेल्या प्रकाशात डागांचा वाटा वाढतो आणि ग्रहावर पाणी असल्याचा भास होतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली साडीचा रंग कळत नाही, म्हणून आपण ती दारात उन्हात नेऊन बघतो. इथे दुसरं ऊन नाही. त्याच दिव्याखाली, दिव्याचा स्वतःचा रंग आधी ओळखून, साडीचा रंग ठरवावा लागतो.

ट्रॅपिस्ट-१ हा असाच लहान, लाल तारा, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, कुंभ राशीत. मिशेल गिलों आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे सात पृथ्वीएवढे ग्रह जाहीर केले तेव्हा मराठीतही भरपूर लिहून आलं, मीही लिहिलं. वेबने त्यांतला सर्वांत आतला ग्रह दुसऱ्या पद्धतीने तपासला: ग्रह ताऱ्याच्या मागे दडतो तेव्हा एकूण उष्णता किती घटते ते मोजलं. ती घट म्हणजे ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता. हजारातला जेमतेम एक भाग. २०२३ मध्ये उत्तर आलं: सुमारे २३० अंश सेल्सिअस. ग्रहावर जाड हवा असती तर तिने दिवसाची उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेली असती आणि दिवसाची बाजू इतकी तापली नसती. म्हणजे हवा बहुधा नाही. दुसऱ्या ग्रहावरही कार्बन डायऑक्साइडची शुक्रासारखी जाड चादर नसल्याचं दिसलं. पुढे आणखी एका रंगातली मोजणी आली आणि पहिल्या ग्रहाचं चित्र पुन्हा धूसर झालं. नुसता ताजा खडक की धुरकट हवा, याला आता दोन्ही बाजूंनी जागा आहे.

याला बातमी म्हणायचं का? मी म्हणते, हीच बातमी. आकाशगंगेतले बहुसंख्य तारे असे लाल बटू आहेत. ते तरुणपणी प्रचंड भडकतात, जवळच्या ग्रहांची हवा उडवून लावू शकतात. त्यांच्या खडकाळ ग्रहांना हवा टिकवता येते का, या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी निघालं तर जीवसृष्टीच्या शोधाचा सगळा नकाशा बदलेल. वेबच्या संचालकांनी आपल्या राखीव वेळातले सुमारे ५०० तास याच प्रश्नाला दिले आहेत. जिथे एकेका तासासाठी आठ-नऊपट मागणी असते तिथे हे दान लहान नाही. पुढे युरोपची एरिएल ही दुर्बीण जाईल, ती केवळ परग्रहांच्या हवेसाठीच, सुमारे हजार ग्रहांची पाहणी करायला. त्यातून 'इथे नाही', 'इथे ढग', 'इथे अजून कळत नाही' असे शेकडो निष्कर्ष येतील. २०१४ मध्ये लॉरा क्राइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी हबलने पंधरा अधिक्रमणं पाहून जीजे १२१४ बी या ग्रहाचा आलेख काढला होता. तो पार सपाट निघाला, एकही उंचवटा नाही. त्या सपाट रेषेवरूनच तिथे उंचावर दाट ढग किंवा धुरकं आहे हे ठरलं, आणि 'नेचर'ने तो निबंध छापला. एका सपाट रेषेवर छान मराठी लेख होऊ शकतो. मी अजून वाचलेला नाही.

आपले जयंत नारळीकर सर आज असते तर या विषयावर त्यांनी कथा लिहिली असती, असं मला राहून राहून वाटतं. त्यांची पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने गेली होती, परीक्षकांनी नाव पाहून बक्षीस देऊ नये म्हणून. दाव्यापासून दावा करणाऱ्याचं नाव काढून घ्यायचं आणि मग तो तोलायचा, ही सवय लेखकालाही लावून घेता येते. केंब्रिजचं नाव असो वा नासाचं, आधी विचारा: अधिक्रमणं किती पाहिली? दुसऱ्या कुणी तीच नोंद तपासली का? हा उंचवटा आणखी कशाने येऊ शकतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रसिद्धीपत्रकात नसतं, निबंधाच्या शेवटच्या पानांत असतं. तेवढं वाचायचे कष्ट घ्यावे लागतील.

मराठीत लिहिणाऱ्याला हे करणं आज पूर्वीइतकं अवघड नाही. डब्ल्यूएएसपी-३९च्या त्या आठ तासांच्या नोंदी कुणासाठीही खुल्या आहेत. वेब आणि हबलचं भांडार बाल्टिमोरच्या संस्थेत आहे आणि ते घरबसल्या उघडतं. कणकवलीच्या कॉलेजातल्या मुलीला आणि केंब्रिजच्या प्राध्यापकाला तीच फाइल मिळते. उद्या सकाळी साडेनऊला, पहिल्या परिसंवादाच्या आधी, मागच्या दालनात माझ्या विद्यार्थ्यांनी त्या फायली मांडून ठेवल्या आहेत. ज्यांना हवं त्यांनी आपला लॅपटॉप घेऊन यावं, आपण बसून ती दोन टक्क्यांची घट काढू आणि मग ४.३ मायक्रॉनचा उंचवटा. सभागृहाच्या वाय-फायचा भरवसा मी देत नाही, म्हणून पेन ड्राइव्ह आणा, फायली मोठ्या आहेत. आणि कृपया वेळेवर या, साडेदहाला दालन कविसंमेलनाच्या मंडळींना द्यायचं आहे.